एका पायाचा एकच कागद

रोज सकाळी आंघोळ उरकली की, केस अजून ओले असतानाच, आत्या मोबाइल घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "तुझ्याकडे काय दिसतंय?"

कधी हवामानाचं पान असायचं, कधी वाचनालयाच्या वेळांचं, कधी नुसती एखादी बातमी. तिच्या पडद्यावर जे होतं तेच मी माझ्या मोबाइलवर उघडायचं आणि मोठ्याने वाचून दाखवायचं. दोन्हीकडे सारखं निघालं की ती मान हलवून निघून जायची. मी अर्धवट झोपेत असले, परीक्षेच्या घाईत असले, चिडलेली असले, तरी सुटका नसे. बाबा दाढी करता करता आरशातूनच ओरडायचे, "आल्या का तपासनीस बाई! अगं, ऊन पडलंय की नाही ते खिडकीतून बघ ना सरळ."

"तुला खिडकीतून दिसतं तेच मलाही दिसतं, हे कशावरून?" आत्या विचारायची.

यावर बाबा गालाला पुन्हा फेस लावायचे.

बाहेरच्या माणसाला हा उतारवयातला चाळा वाटला असता. आम्ही घरातले त्यावर हसायचो, पण हसून झाल्यावर एकमेकांकडे बघायचो नाही.

आत्या बाबांहून मोठी. लग्न केलं नाही. का नाही, असं कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, बाजारातून दूध आणायचं राहून जावं तशा आवाजात. आमच्या घरातली रस्त्याकडची खोली तिची. तिथे एक पलंग, एक टेबल आणि टेबलावर नेहमी पोट उघडून ठेवलेलं कुठलंतरी यंत्र. आईने तिला अनेकदा सांगून पाहिलं होतं की निदान पाहुणे आल्यावर तरी यंत्रांची पोटं झाकत जा.

ती काम करायची ती जागा एका अरुंद रस्त्यावर, तळमजल्याला होती. पुढे ऑफिस, मध्ये जाड निळा पडदा, पडद्यामागे कारखाना. तिथे बूट बनत, पण दुकानातल्या बुटांत न मावणाऱ्या पायांसाठी. जन्मतः वाकडे पाय, एक आखूड एक लांब असे पाय, आणि सगळ्यांत जास्त, साखरेच्या आजाराने बधिर झालेले पाय. अशा पायाला खडा टोचलेला कळत नाही, बूट चावलेला कळत नाही. पाय तक्रार करणार नाही, तेव्हा बुटाने चुकायचं नाही, हे तिथे भिंतीवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण मागच्या खोलीत सगळे तसेच वागत.

सगळे म्हणजे मुख्यतः एक माणूस. त्याला सारे मिलिमीटर म्हणत. मालकही, गिऱ्हाईकंही, आणि घरी त्याची बायकोसुद्धा. कोणी "अर्धा सेंटिमीटर सैल करा" म्हणालं की तो काम थांबवून म्हणायचा, "पाच मिलिमीटर म्हणा. सेंटिमीटर कापडवाल्यांचा." उंच, किडकिडीत, कानामागे पेन्सिल, हातात चामडं कापायची रुंद पात्याची रापी. मी लहानपणी आत्याचा डबा द्यायला गेले की तो माझ्या चपलांकडे बघून तोंड वाकडं करायचा. "कोणी केल्यात या? माणसानेच केल्यात ना?"

आत्या तिथे पत्रं टाइप करायला लागली होती. मग मापं घ्यायला शिकली, आणि मालकांनी पायाचा आकार टिपणारं यंत्र आणलं तेव्हा त्या यंत्राचा प्रोग्रॅमही तिनेच लिहायला घेतला. पुस्तकं आणून, चुकत, रडकुंडीला येत. गिऱ्हाईक काचेवर पाय ठेवायचं, यंत्र त्याची रेघारेघांची आकृती काढायचं, आत्या ती कागदावर छापून पडद्यामागे न्यायची. मिलिमीटर तो कागद समोरच्या तारेला चिमट्याने लावायचा आणि त्यावर बघून कापायचा.

या कागदांचा त्याने एक नियम घालून दिला होता. एका पायाचा एकच कागद. गिऱ्हाईक नवं माप द्यायला आलं की आधी जुना कागद टराटरा फाडायचा आणि मगच नवा तारेला लावायचा. दोन कागद कारखान्यात असले की एक दिवस चुकीचा हाती येणार, असं तो म्हणायचा. कागद एकच असल्यामुळे त्यावर तारीख घालायचंही कोणाच्या मनात आलं नव्हतं. कशाला घालायची? जो समोर आहे तोच खरा.

पण कागदांना सरस लागायचा. कोपरे चिकटायचे, रेघा पुसट व्हायच्या. मग आत्याने ठरवलं की कागद बंद. मिलिमीटरच्या टेबलावर एक टॅब्लेट ठेवायचा. गिऱ्हाइकाचा क्रमांक टाकला की पायाची आकृती समोर यावी.

त्यासाठी तिने आपल्या प्रोग्रॅमच्या पोटातच एक छोटा वेब सर्व्हर बसवला. त्या दिवसांत घरी जेवताना ती दुसरं काही बोलायची नाही. "फार हुशार काही नाही गं तो," ती मला सांगायची. "एक फोल्डर त्याच्या ताब्यात द्यायचा. कोणी फाइल मागितली की त्यातून काढून हातावर ठेवायची. डोकं चालवायचं नाही, बदल करायचा नाही."

"म्हणजे सरकारी कारकून," बाबा म्हणाले.

"कारकून परत पाठवतो. हा देतो."

पहिल्या दिवशी त्यानेही परतच पाठवलं. काहीही मागा, उत्तर एकच, फाइल सापडली नाही. ती दोन दिवस डोकं धरून बसली. मग कळलं, प्रोग्रॅम ज्या जागेवरून सुरू व्हायचा तिथेच तो फोल्डर शोधत होता आणि फोल्डर होता भलतीकडे. तिने पूर्ण पत्ता लिहून दिला. मग फाइल सापडली, पण टॅब्लेटवर पायाऐवजी अगम्य चिन्हांची रांगच्या रांग उमटली, कारण हे चित्र आहे, मजकूर नाही, असं सर्व्हरने टॅब्लेटला सांगितलंच नव्हतं. तेही तिने सांगायला लावलं. पत्ता जरा खटपट करून लिहिला तर फोल्डरच्या बाहेर चढून मशीनमधलं बाकीचंही बघता येतं, हे तिच्या लक्षात आलं आणि ती वाट तिने बंद केली. एवढं झालं आणि एका सकाळी मिलिमीटरच्या टेबलावर एक पाय उमटला. कारखान्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. फक्त मिलिमीटर हाताची घडी घालून उभा होता.

"आला," तो म्हणाला. "पण केवढ्या वेळाने! बाई, तुमची फाइल चालत येते का? तिलाही आपल्याकडचाच एक जोड करून देऊ."

खरंच वेळ लागायचा. मधली भिंत जाड, टॅब्लेट जुना, आकृत्या मोठ्या. एका पायासाठी तो बिचारा हातात रापी धरून ताटकळत राहायचा, आणि चित्र सरकत सरकत टाचेपर्यंत येईस्तोवर त्याची तीन वाक्यं बोलून व्हायची. त्यातली दोन आत्याला टोमणे. शेवटी आत्याने वाचून वाचून एक ओळ शोधून काढली. सर्व्हरने प्रत्येक चित्राबरोबर टॅब्लेटला एक निरोप द्यायचा: हे जपून ठेव, वर्षभर हे बदलणार नाही, पुन्हा मागितलं तर मला विचारूही नकोस, तुझ्याजवळचंच दाखव.

एकदा आलेला पाय पुढच्या वेळी पापणी लवायच्या आत यायला लागला. मिलिमीटर खूश. "आता पळायला लागली बाईंची फाइल," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. आत्याला आयुष्यात इतकं कौतुक मिळालं नसेल. त्या आठवड्यात तिने आम्हा सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं.

आणि गिऱ्हाईक नवं माप द्यायला आलं की ती काय करायची? तेच, जे मिलिमीटरने तिला शिकवलं होतं. जुनी आकृती पुसून त्याच नावाने नवी ठेवायची. एका पायाचा एकच कागद.

बहुतेक पाय वर्षभरात बदलत नाहीत, म्हणून बराच काळ काही झालं नाही. मग एक निवृत्त शाळामास्तर आले. त्यांचे जुने बूट याच कारखान्यातले होते. पायाला संवेदना नव्हती, आणि आता अंगठ्याजवळचं हाड फुगून पाय रुंद झाला होता. आत्याने काळजीने माप घेतलं, नवी आकृती ठेवली, ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडून दोनदा बघितली. ऑफिसचा कॉम्प्युटर सर्व्हरला विचारत नसे. तो थेट फोल्डरमध्ये बघायचा. तिथे पाय रुंद होता.

मिलिमीटरने बूट केले. मास्तर घालून गेले, चालले, फिरायलाही गेले. त्यांना काहीच कळलं नाही. त्यांच्या मुलीला एका संध्याकाळी मोजा ओला दिसला.

बोट काढावं लागलं. करंगळीशेजारचं.

मुलगी तो बूट घेऊन कारखान्यात आली आणि तिने तो काउंटरवर ठेवला. मालकांनी मिलिमीटरला बाहेर बोलावलं. बूट आकृतीवर धरून पाहिला. सरळ सरळ अरुंद.

"मला दिसलं तेच कापलं," मिलिमीटर म्हणाला.

मालकांनी ऑफिसचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे दिसलं होतं?"

तो वाकला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. हे त्याने कारखान्यात कोणालाच सांगितलं नव्हतं. तो बराच वेळ त्या रुंद पायाकडे बघत राहिला आणि त्याचा चेहरा, आत्या म्हणायची, पाणी आटावं तसा आटत गेला.

मालकांनी आत्याला विचारलं, "ताई, आकृती हीच होती ना? नंतर बदललेली नाही?"

"हीच. मी दोनदा बघितली होती."

ते खरंच होतं. पण त्याच क्षणी तिच्या मनात आलं होतं की पडद्यामागे जाऊन एकदा त्याच्या टेबलावर काय दिसतंय ते बघावं. ती अर्धी उठलीही. तेवढ्यात मिलिमीटर म्हणाला, "माझीच नजर गेली, साहेब," आणि ती परत खुर्चीत बसली.

पुढे हे सगळं तिने आम्हाला सांगितलं तेव्हा सर्व्हरचं तिने भराभर सांगितलं. या बसण्यापाशी मात्र ती थांबायची. "मला हायसं वाटलं होतं," ती म्हणायची. "त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि आतून हायसं वाटत होतं, की सुटले, माझं नाही."

मिलिमीटरने मागे जाऊन टॅब्लेट उघडलासुद्धा नाही. त्याला तो पाय पुन्हा बघायचा नव्हता. अ‍ॅप्रनची घडी केली, रापी तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि घरी गेला. मालकांनीही फार अडवलं नाही.

काही आठवड्यांनी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचा एक पाय जन्मतः आत वळलेला. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी पहिले बूट केले होते, आता ती भराभर वाढत होती आणि या वर्षीचा जोडही लहान पडला होता. माप झालं. नवा कारागीर त्या दिवशी अजून यायचा होता, म्हणून आत्याच आकृती बघायला मागे गेली. मुलगीही लंगडत तिच्यामागून गेली आणि टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून टॅब्लेटकडे बघायला लागली.

"हा माझा नाही," मुलगी म्हणाली.

"तुझाच आहे गं. आत्ता नाही का काचेवर ठेवलास?"

"हा माझा आधीचा आहे. मी छोटी होते तेव्हाचा."

आत्याने आधी मुलीच्या पायाकडे बघितलं, मग पडद्याकडे. मग ऑफिसात गेली. तिथे पाय मोठा. पुन्हा मागे आली. लहान. मुलीला गंमत वाटली, तीही तिच्यामागून ये-जा करू लागली. आत्याने टॅब्लेटवर मास्तरांचा क्रमांक टाकला.

पापणी लवायच्या आत पाय आला. अरुंद, न फुगलेला. पाचही बोटं जागच्या जागी.

दुरुस्ती करायला तिला चहा गार व्हायलाही वेळ लागला नाही. त्याच ओळीत बदल: प्रत्येक वेळी आधी मला विचार, बदललं असेल तर नवं घे, नसेल तर तुझ्याजवळचं दाखव. एवढंच. हे पहिल्यापासून करता आलं असतं, आणि फाइल फारशी हळू आली नसती. टेबलावर तिने दुसरा टॅब्लेट ठेवला. जुना पिशवीत घालून घरी आणला, नेटचं कनेक्शन तोडलं आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवला. त्याचं चार्जिंग उतरू द्यायची नाही. बाबांनी एकदा विचारलं, "ते मेलेलं यंत्र कशाला जिवंत ठेवतेस?" तेव्हा तिने दार लावून घेतलं आणि त्यांना सगळं सांगितलं. मी बाहेर उभी राहून ऐकलं.

मालकांना तिने दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी उठून पडदा नीट सारला. "ताई, झालं ते झालं. मास्तरांच्या घरी कळलं तर उद्या हे दार उघडायचं नाही. किती पाय आपल्यावर अवलंबून आहेत? आणि मिलिमीटर नाहीतरी थकलेच होते."

ते अगदीच खोटं नव्हतं, म्हणून जास्त वाईट. आत्या गप्प बसली. थंडी गेली, उन्हाळा आला. ती मिलिमीटरच्या घरी जायची, फळं द्यायची, बसायची, उठून यायची. आल्यावर चपला पायात तशाच ठेवून पलंगावर बसून राहायची. बाबा विचारायचे, "सांगितलंस?" ती म्हणायची, "आज त्यांच्याकडे पाहुणे होते." पाहुणे रोजच असायचे.

एकदा ती मला म्हणाली, "तू चल." पिशवीत टॅब्लेट होता, ते मला वजनावरून कळलं.

मिलिमीटरचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, दार उघडलं. "या ताई! बरं झालं आलात, या माणसाशी बोलून बोलून माझं तोंड दुखलं. डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं, डॉक्टर म्हणतात लख्ख दिसतंय. तरी जिना उतरताना माझा हात धरतात. मी पाच फूट, हे सहा फूट. लोक बघतात, कोण कोणाला धरतंय!"

मिलिमीटर खिडकीपाशी बसला होता. मला बघून हसला, पण माझ्या चपलांकडे त्याने बघितलं नाही.

काकू आतून म्हणाल्या, "अहो, किती वाजले बघा जरा, औषध द्यायचंय."

घड्याळ त्याच्या समोरच होतं. भिंतीवर, मोठं, काळ्या आकड्यांचं. मला दारातून दिसत होतं.

"तूच बघ," तो म्हणाला. "माझ्या बघण्यावर कुठे जातेस."

आत्याने पिशवीतून टॅब्लेट काढला. क्रमांक दोनदा चुकला. मग तिने तो त्याच्या मांडीवर ठेवला. "हे काय दिसतंय तुम्हाला?"

"नको, बाई."

"सांगा ना. काय दिसतंय?"

तो नाइलाजाने बघू लागला. मग बोट ठेवून बोलला, हळूहळू, पण जुन्या सवयीने. "पाय. डावा. पंज्याला… ब्याण्णव मिलिमीटर." तो थांबला. "हा मास्तरांचा. हाच मी कापला होता."

"हाच कापला होतात. तुम्हाला हाच दिसत होता. मी नवा ठेवला आणि तुमच्या टेबलावर जुनाच राहिला. मीच टॅब्लेटला तसं सांगून ठेवलं होतं. फाइल लवकर यावी म्हणून." तिने सगळं सांगितलं, न थांबता, शाळेत पाठ म्हणावा तसं. एका पायाच्या एका कागदाचं सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटले.

काकू औषध हातात धरून दारात उभ्या होत्या.

"म्हणजे मी बरोबर बघितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग त्या दिवशी तुम्ही मागे येऊन का नाही बघितलंत? पडदा तर होता मध्ये. भिंत पण नाही."

आत्याने मान वर केली. "उठले होते. तुम्ही म्हणालात नजर गेली, आणि मला हायसं वाटलं. म्हणून बसले."

आता तो रडेल किंवा ओरडेल असं मला वाटलं. त्याने टॅब्लेट उलटा करून बाजूला ठेवला. "आणि कधी कळलं हे?"

"थंडीत."

"थंडीत," तो म्हणाला. खिडकीबाहेर ऊन मी म्हणत होतं. "एवढे दिवस मी बायकोचा हात धरून जिना उतरतोय, बाई. मास्तरांना सांगितलंत?"

"नाही."

"मग इथे काय बसलात? जा."

आम्ही उठलो. काकूंनी दार लावलं, पण सावकाश लावलं. जिन्यात आत्या कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली.

मास्तरांकडे ती एकटीच गेली. तिथे काय झालं ते तिने कधीच पुरतं सांगितलं नाही. इतकंच म्हणाली की दार त्यांनी स्वतः उघडलं, काठी घेऊन, आणि उघडायला त्यांना खूप वेळ लागला. तो वेळ ती दाराबाहेर ऐकत उभी होती.

कारखाना बंद पडला नाही. आत्याची नोकरी गेली. जायच्या आधी तिने प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात ठळक तारीख उमटेल अशी सोय केली आणि नव्या मापाला नवं नाव द्यायला लावलं. मिलिमीटर पुन्हा कामावर जाऊ लागला, अर्धा दिवस. मालक स्वतः त्याला न्यायला आले होते. काकू सांगत होत्या, जिना तो एकटा उतरला, आणि खाली पोहोचल्यावर वर बघून ओरडला, "घड्याळात पावणेदहा झालेत, तुझं दूध उतू जाईल!"

आत्याशी तो वर्षभर बोलला नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे आला, पाणी प्याला, नव्या कारागिराच्या शिवणीला नावं ठेवली आणि गेला. मग अधूनमधून येत राहिला. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही. तिनेही विचारलं नाही. बाबा एकदा तिला म्हणाले, "अगं, येतो ना तो आता? मग सोड की." आत्या म्हणाली, "तो येतो तो त्याचा चांगुलपणा. त्याने माझं काय कमी होतं?" ती घरी बसून शेजारपाजाऱ्यांची यंत्रं दुरुस्त करायची. मास्तरांच्या रस्त्याने जायची वेळ आली तर लांबचा फेरा घ्यायची. मास्तर गेले त्या दिवशी ती जेवली नाही. ते दुसऱ्याच आजाराने गेले, हे आम्ही सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं.

तिचं स्वतःचं हृदय गेल्या वर्षापासून कुरकुरत होतं. शेवटच्या आठवड्यात ती पलंगावरून फारशी उठत नव्हती. त्या संध्याकाळी मिलिमीटर आला. काकूंना सांधेदुखी, म्हणून एकटाच. खुर्ची ओढून बसला. तिचे पाय सुजले होते, पांघरुणाबाहेर आले होते. त्याने बघितलं, सवयीने. पांघरूण ओढून पाय झाकले. मग दोघं नव्या कारागिराबद्दल, चामड्याच्या दर्जाबद्दल, काकूंच्या गुडघ्यांबद्दल बोलत राहिले. मी दिवा लावायला गेले तेव्हा ती हसत होती. कशावर, ते मला कळलं नाही.

पहाटे ती झोपेतच गेली. मिलिमीटर घरी गेल्यावर ती आमच्याशी बोलली नाही असं नाही. पाणी दे, उशी सरकव, असं चाललं होतं, पण ते अर्धवट शब्द होते. पुरतं असं शेवटचं बोलली ती त्यालाच. तो उठला, दारापर्यंत गेला, चपला पायात सरकवल्या. ती उशीवरून मान वळवून म्हणाली, "जिन्यातला दिवा गेलाय हो, कोणालातरी हात…" आणि थांबली. मग म्हणाली, "नाही, तुम्हाला दिसतं. या."